न दिलेल्या किरणांची बाधा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पाण्याने भरलेले पसरट पितळी भांडे, त्यात बुचावर तरंगणारी पोलादी सुई, आणि मागे किरणशोषक महाराज. इस्पितळात किरणोपचार घेतलेला रुग्ण समोर आला की महाराज भांड्यावरून हात फिरवीत आणि सुई त्या रुग्णाकडे वळे. मग ते फुंकर घालीत, हात मागे घेत. सुई तोंड फिरवी आणि रुग्ण किरणमुक्त झाल्याचे घोषित होई.

"इस्पितळवाले किरणं आत घालतात," महाराज गर्जत, "बाहेर काढायला मीच लागतो!"

टाळ्यांनी छत दणाणे.

तिसऱ्या रांगेत एक शिवणबाई थोरल्या नणंदेशेजारी बसली होती. तिच्या स्तनातली गाठ आरंभीच सापडली होती, शस्त्रक्रियेने निघालीही होती. आता गाठीच्या जागी बारीक नळ्या बसवून आतून किरण द्यायचे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "किरण देणारा दाणा नळीतून आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि यंत्रात परत येतो. दिवसातून दोनदा, पाच दिवस. दाणा बाहेर आला की अंगात काही उरत नाही."

"लेकीला जवळ घेऊ ना?"

"खुशाल घ्या. नळ्यांना धक्का तेवढा लागू देऊ नका."

तिचे समाधान झाले. नणंदेचे झाले नाही. "अगं, अंगात किरणं घेऊन पोरीला कुशीत घेणार तू? महाराज म्हणतात, पोर पोळतं!" या एका वाक्याने आईचे काळीज चरकले. सोमवारचा उपचार टाळावा, असे तिच्याही मनात येऊ लागले होते.

तिला पुढे बोलावले. नणंदेने दारातल्या सेवकापाशी तिची सारी कर्मकथा आधीच ओतली होती. 'किरणोपचार' एवढा एकच शब्द त्याने महाराजांपर्यंत पोचवला. महाराजांचा हात फिरला. सुई गर्रकन तिच्याकडे वळली.

"अरेरे! छातीत नुसती खदखदताहेत किरणं!"

"पण महाराज, माझी किरणं सोमवारी सुरू व्हायचीत."

सभेत कुजबुज उसळली. महाराज मात्र अशा खड्ड्यांना सरावलेले.

"तेच तर सांगतोय! येणारी किरणं आधी वर्दी देतात. सुईला उद्याचंही दिसतं!"

"बाई गं!" नणंदेने हात जोडले. टाळ्या दुप्पट झाल्या.

"हात दे, बाळ."

ती कामावरून तशीच उठून आली होती. बाहीवर टाचण्यांची ओळ टोचलेली होती. तिने हात पुढे करताच दोन सैल टाचण्या वळवळल्या, निसटल्या आणि महाराजांच्या झग्याच्या बाहीला जाऊन चिकटल्या.

तिने त्या बाहीकडे बोट दाखवले.

"हा माझ्याकडेही आहे, महाराज. सांडलेल्या टाचण्या गोळा करते मी त्यानं."

"कोण हा?"

"लोहचुंबक. आणि हे अस्तर कुणी शिवलं हो? एवढे ढिले टाके!"

तिने एक धागा ओढला. अख्खी शिवण उसवली आणि अस्तराआडून काळा चुंबक भांड्याच्या काठावर ठणकन आदळला. सुई लगबगीने त्याच्याकडे गेली.

"अश्रद्ध बाई! समाधी भंगली!" असे ओरडत महाराज मागच्या दाराने समाधीच्या शोधात निघून गेले.

"वन्सं, सोमवारी याल ना माझ्याबरोबर?"

"येते. पण त्या डॉक्टरणीलाही सोडायची नाही मी."

आणि सोमवारी इस्पितळात नणंदेने डॉक्टरीणबाईंना खरोखरच सोडले नाही.

"दाणा आत अडकला तर?"

"यंत्र मागे ओढतं. नाहीच ओढला, तर आम्ही आत धावतो. त्यासाठीच बाहेर पडद्यावर नजर ठेवून बसतो."

"त्रास काहीच नाही?"

"आहे की. त्वचा लाल होते, दुखतं, थकवा येतो."

"मग बरं होण्याची खात्री देता?"

"खात्री नाही देत. किती जणींना दिलं, किती जणींची गाठ परत आली, ते आकडे देते. बसा, दाखवते."

नणंद खुर्ची पुढे ओढून बसली. आतल्या खोलीचे जड दार शिवणबाईच्या मागे मिटले.

वाचकहो, शंका घेण्यात कोणताही अनादर नाही. जेथे प्रश्न विचारताच कोप होतो, तेथून उठावे. जेथे प्रश्नाला उत्तर मिळते, आणि उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगितले जाते, तेथे आपला देह विश्वासाने सोपवावा.