तेलातलं गोणपाट

वैशाख निम्मा सरला की धुरपदाबाई पदर खोचून अँबेसेडरच्या मागे लागत. वायपरचे रबर बदला, दारांच्या बिजागऱ्यांना ग्रीस भरा, गाडीच्या पोटाला जळकं काळं तेल फासा. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्या गल्लीत खाडीचं पाणी दर पावसाळ्यात चाकं बुडेस्तोवर चढायचं. तेलाशिवाय लोखंड तगत नाही, हे त्यांना नवऱ्यानं, सुपडूनं, शिकवलं होतं. सुपडू गेला, गाडी राहिली. आता मुलगा गोपाल तिच्यावर वऱ्हाडं वाहायचा, अमळनेर, शिरपूर, जिथं सोयरीक जमेल तिथं.

एक गोष्ट मात्र बाईंची स्वतःची. गाडीच्या सांगाड्याचे, चासीचे, दांडे पोकळ, त्यांत पाणी शिरणार, म्हणून तेलात भिजवलेलं गोणपाट काठीनं ठासून भरत. बापाच्या घरी बैलगाडीच्या आसाला असंच तेलकट फडकं गुंडाळायचे. दहावी शिकलेल्या सुनेला, चंचलला, त्या दरवर्षी ऐकवत की तुझ्या पुस्तकात हे लिहिलेलं नसेल, बघून ठेव.

गोपालला मारुती व्हॅन घ्यायची होती. बँकेत आधी भरायची रक्कम घरात एकाच ठिकाणी होती, कानबाईच्या डागांत, देवीच्या दागिन्यांत. नथ, गहूपोत, दोन पाटल्या. श्रावणात नारळाची कानबाई मांडायची, तिला ते घालायचे. सासूच्या सासूनं केलेलं सोनं. घरातल्या कुठल्याच बाईच्या अंगाला ते लागलं नव्हतं. दुष्काळात गाव सोडताना धुरपदाबाईंनी स्वतःची पोत मोडली, देवीचे डाग तेवढे पोटाशी बांधून सुरतेला आणले.

"मी जित्ती शे तवलगून दारमा नवी गाडी येवाव नही," त्या म्हणाल्या होत्या.

पण होळीनंतर दोन वऱ्हाडं गाडी बंद पडून रस्त्यात अडकली आणि लोक पाठीमागं बोलू लागले. शेवटी मायलेकात ठरलं की गाड्या दुरुस्त करणारा दगा मिस्तरी सांगेल ते खरं. त्यानं गाडी धड म्हटली तर गोपालनं पुन्हा विषय काढायचा नाही. मोडीत म्हटली तर डाग द्यायचे. बाई बिनघोर होत्या. एवढी निगा सुरतेत कोणी राखली होती?

दगा मिस्तरी सकाळीच आला. गोपाल नाक्यावर पाना आणायला गेला होता. मिस्तरी गाडीखाली सरपटला, वरचं तेल खरवडलं आणि पेचकस टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. दुसरीकडे टोचला, तिथंही तेच. मग त्यानं दांड्यातून बोटांनी काहीतरी ओढून काढलं आणि बाहेर येऊन ते बाईंच्या पायाशी टाकलं. काळा लगदा. भर उन्हाळ्यात त्यातून पाणी निथळत होतं.

"माय, हाई गोणपाट कोणी भरं?"

"मी."

मिस्तरीनं डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. मग हळूहळू सांगितलं. खाडीचं पाणी गोणपाटानं पिऊन धरलं, वारा लागू दिला नाही, लोखंड आतून वर्षानुवर्षं भिजत राहिलं. दांडे रिकामे असते तर आपसूक वाळले असते. आता जोड द्यायलाही धड पत्रा उरलेला नाही.

उभ्या जन्मात कोणापुढं हात न पसरलेल्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या की पोराला गोणपाटाचं सांगू नको. मिस्तरीनं लगदा पायानं गटारीत लोटला.

गोपाल आला. मिस्तरी म्हणाला, गंजली, संपली. गोपालच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे बाईंनी पाहिलं. आनंद दिसला असता तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

"माय, तू ते इले भलती जपी," तो म्हणाला. "सुरतनं पानीच खारं. त्याले तू काय करशी?"

दारातून चंचल बघत होती.

बाई घरात गेल्या. कोठीतून लाल फडक्याची पुरचुंडी काढून आणली. कानबाईची माफी मागावी असं त्यांना वाटलं, पण कुठल्या तोंडानं मागणार? पुरचुंडी त्यांनी न सोडताच गोपालच्या हातात दिली.

"लई जाय," त्या म्हणाल्या. "पन नवी गाडी आनशी तवय माले ववाळाले बलावू नको."