उष्टा पेला

देवळाली कॅम्पातल्या त्या बंद इमारतीला लोक अजून साहेबाचा गुत्ताच म्हणत. गोरे शिपाई गेले, मग तिथे कुणी कांदे साठवले, कुणी मोडकं फर्निचर. २००३ साली चिमणाबाईच्या धनराजने ती जागा घेतली, सागवानी काउंटर घासूनपुसून लखलखीत केला आणि दारावर जुनंच नाव पुन्हा चढवलं: 'द ओल्ड लँटर्न, स्थापना १९०८'. गल्लीतल्या माणसाला परवडेल अशी बिअर आणि निफाडच्या द्राक्षांची वाईन, असा त्याचा बेत होता. निम्मा पैसा भागीदार मनोजशेठचा. त्यामुळे निम्मी अक्कलही मनोजशेठचीच.

चिमणाबाईला पोराचं कौतुक होतंच, पण त्याहून मोठी हौस होती ती आत जायची. गुत्त्याच्या मागच्या भिंतीला एक खिडकी होती, जेमतेम दोन पेले मावतील एवढी. पोरवयापासून गोरे जाईपर्यंत चिमणाबाई त्या खिडकीबाहेरच्या दगडावर बसून पेले धूत होती. उष्टे बाहेर यायचे, धुतलेले आत जायचे. कडेला डाग राहिला की पेला परत यायचा. आतल्या माणसाचा नुसता हात दिसायचा, तोंड कधीच नाही. पुढच्या दारात तिच्यासारखीला पाऊल टाकायची बंदी होती. आत काय असेल, याचे तिने मनातल्या मनात इतके महाल बांधले होते की विचारू नका.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ती ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आली. धनराज तिला पुढच्या दाराने न नेता मागे घेऊन गेला. तिथे मनोजशेठ उभा होता आणि शेजारी पेपरवाला कॅमेरा घेऊन. तोच दगड, आता पॉलिश केलेला. पाण्याने भरलेलं पितळी घमेलं.

"आजी, बसा. पाचच मिनिटं," मनोजशेठ म्हणाला. "तुम्ही पेला धुताय आणि खिडकीतून आत देताय. अगदी अस्सल! जमलं तर दर रविवारी बसत जा. लोकांना असलंच बघायचं असतं."

चिमणाबाईने पोराकडे पाहिलं.

धनराज खाली मान घालून म्हणाला, "एक फोटो गं, आई. एवढ्यासाठी अडून बसू नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोऱ्याने बसवलं तेव्हा ती पोटासाठी बसली होती. आता पोटच्या पोरानेही तिला तिथेच बसवावं? तिने पदर खोचला, इमारतीला वळसा घातला आणि थेट पुढच्या दाराशी गेली. फेटेवाला दरवान आडवा आला.

"आजी, मागून."

"माज्या पोराचं दुकान हाय. सरक!"

तो सरकला. आतली पाहुणेमंडळी बोलायची थांबली. चिमणाबाईने दारातच उभं राहून सगळीकडे नजर फिरवली. एक दालन, चार दिवे, व्हार्निशचा वास.

"एवढंच व्हय?" ती मोठ्यांदा म्हणाली. "यासाठी आमाला भायेर बसवत व्हते?"

मग ती काउंटरपाशी गेली आणि तिथल्या उंच स्टुलावर चढली. चढताना एक चप्पल खाली पडली, ती तिने तशीच राहू दिली. लिंबूसोडा मागवला, तोही काचेच्या उंच पेल्यात. सगळे बघत असताना तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तिला लाज वाटली नाही, उलट आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेचा राग थोडा उतरला.

काउंटरच्या टोकाला ती खिडकी होती. चिमणाबाई उतरली आणि तिने रिकामा पेला खिडकीतून बाहेर धरला.

"उष्टा हाय. धू."

बाहेर मनोजशेठ दोन पावलं मागे सरला. पेपरवाल्याचा कॅमेरा गळ्यात तसाच लटकत राहिला. धनराजने त्या हाताकडे पाहिलं. बांगड्यांमागचं मनगट आता वाळून काटकी झालं होतं. लहानपणी तापात कपाळावर असायचा तो हाच हात. त्याने पेला घेतला, नव्या सुटासकट दगडावर बसला आणि धुऊ लागला.

"अरे धनराज, लोक बघतायत!" मनोजशेठ पुटपुटला.

"बघू द्या, शेठ. रविवारी तुम्ही बसा."

त्याने धुतलेला पेला दोन्ही हातांनी आत दिला. चिमणाबाईने तो दिव्याकडे धरून नीट निरखला आणि पुन्हा बाहेर काढला. या खेपेला मात्र ती खिडकीपाशी वाकली, पोराला आपलं तोंड दिसेल अशी.

"कडेला डाग हाय, धना. परत धू."

धनराजने तो परत धुतला.