पातं निम्मं झिजलेलं

भर दुपारी, लाकडाच्या वखारीसमोर, उभ्या गाडीची काच फोडून चोराने आमच्या ह्यांची हत्यारांची पेटी लांबवली. शेजारी पडलेली माझी छत्री मात्र नेली नाही. तिची अवस्था बघून त्यालाही दया आली असावी.

हे सुतार. पेटीत अकरा पटाश्या, तीन रंधे, करवती, म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्यच. पोलिसांत तक्रार देऊन घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अठ्ठावन्नावं लागलंय. आता पुरे." हातातलं जिन्याच्या कठड्याचं कामही सोडायला निघाले. हत्यारं गेली त्याचं वाईट वाटलंच, पण त्या 'पुरे'ची मला धडकी भरली. हा माणूस एक रविवार घरी राहिला तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून मोकळा होतो. रोजच घरी बसला तर खचून जाईल.

पण हत्यारांचा विमा होता. ह्यांची टिंगल सोसून मीच उतरवला होता. मी म्हटलं, "उठा, अर्ज भरा." तिथेच चुकलं. अर्ज मी भरायला हवा होता.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मंजूर रकमेत एक धड करवत आली नसती. मी अर्जाची प्रत काढून वाचली आणि कपाळावर हात मारला. 'वस्तूची अवस्था' या रकान्यात ह्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: जुनी, पातं निम्मं झिजलेलं, मूठ तीनदा बदललेली. जवळजवळ प्रत्येक पटाशीपुढे तेच!

"अहो, हे काय लिहून ठेवलंत?"

"मग? हत्यारं किती चांगली होती ते त्यांना कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच विमा कंपनीत नेलं. टेबलामागे एक चष्मेवाली तरुण अधिकारी होती. तिने अर्ज आमच्यासमोर सरकवला. "काका, झिजलेली आहेत असं तुम्हीच लिहिलंय ना? मग झिजेची वजावट होणारच."

"अहो मॅडम, वाईट पोलाद दोन वर्षांत तुटतं. झिजायची पाळीच येत नाही त्याच्यावर. निम्मं झिजलं म्हणजे वीस वर्षं धार धरली त्याने! आणि मूठ हाताला बसेपर्यंत बदलायचीच असते." बोलता बोलता ह्यांचा अंगठा हवेतच धार तपासत होता. चोरीनंतर पहिल्यांदाच ते एका दमात एवढं बोलले.

अधिकारी बाईने विम्याची कागदपत्रं उघडली. "चोरी झाली त्या दिवशी याच हत्यारांनी काम केलं होतंत?"

"सकाळी अकरापर्यंत."

"रोजच्या धंद्यातली हत्यारं असतील तर नव्याची किंमत धरता येते. पण तसं कामाच्या मालकाकडून लेखी आणा."

त्याच संध्याकाळी मी कठडेवालीच्या घरी जाऊन थडकले. बाई दातांच्या डॉक्टर, त्यामुळे हत्यारांचं दुःख त्यांना सांगावं लागलं नाही. पानभर पत्र लिहून दिलं, आणि वर म्हणाल्या, "अर्ध्या कठड्याला दुसऱ्या कुणाचा हात मी लावू देणार नाही. थांबते म्हणून सांगा त्यांना." मी घरी येऊन सांगितलं. हे नुसते "हं" म्हणाले, पण त्या रात्री नीट जेवले.

महिन्याभराने पैसे आले आणि नवी हत्यारंही. ह्यांनी एक पटाशी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि तोंड वाकडं केलं.

"कशी आहे?"

"कशी असणार? नुसती चकचकीत. मूठ टोचते. हिला माणसात आणायला पंधरा वर्षं तरी लागतील." असं पुटपुटत ते धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडायला लागले.

पंधरा वर्षांनी तुमचं वय काय असेल, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मग बोलत काय बसलात?" मी म्हटलं. "लागा कामाला."