प्रोकिपच्या वतीनं

आमच्याकडे वारलेला माणूस स्वतःच निरोप घेतो. म्हणजे शवपेटीच्या उशाशी उभं राहून चर्चचा गाणारा त्याच्या वतीनं गातो. आधी बायको, मग मुलं थोरल्यापासून, मग नातवंडं, शेजारी. एकेकाचं नाव घ्यायचं आणि क्षमा मागायची. ज्याचं नाव येईल त्यानं पुढे होऊन क्रूसाला ओठ लावायचे आणि "देव क्षमा करो" म्हणायचं. ज्याचं नाव राहिलं त्याचा निरोप राहिला; मागाहून गाता येत नाही. चाळीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. नुसतं बोललेलं प्रवचन कानाशी थांबतं, गायलेलं आत उतरतं, अशी माझी श्रद्धा. पण प्रोकिप दुत्चाकच्या वेळी मीच असा गोंधळलो, की अजून ठाव लागत नाही.

प्रोकिप माझा शेजारी, दोन मैलांवरचा. गव्हाची कापणी उरकली आणि तो गेला. तीन वर्षांपूर्वी कोठारात धान्य घालायला आम्ही दोघं ट्रक घेऊन रांगेत उभे होतो, तेव्हा त्यानं मला बजावलं होतं, "तानास, माझ्या निरोपात मिरोनचं नाव घ्यायचं नाही." मी हो म्हणून बसलो.

मिरोन त्याचा थोरला. बाप इस्पितळात असताना त्याला खूश करावं म्हणून पोरानं पाणथळीकाठचं गवताचं रान नांगरून टाकलं. वीस एकर. आजोबांनीसुद्धा तिथं कधी फाळ लावला नव्हता, कारण ते मूळचं गवत उलथलं की परत येत नाही. बाप घरी आला, कुंपणाशी उभा राहून बघत राहिला, तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी मिरोन शहरात निघून गेला. त्याला नऊ वर्षं झाली.

आता ल्युबानं, मिरोनच्या धाकट्या बहिणीनं, त्याला फोन करून बोलावलं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. बायका कोबीच्या पानांत भात गुंडाळत होत्या. सुरुवातीच्या ओळींत प्रोकिपबद्दल काय गाऊ, असं विचारलं, तर जो तो वेगळाच प्रोकिप सांगू लागला. मारुन्यावहिनी, प्रोकिपची बायको, म्हणाल्या, ह्यांचा आवाज कधी चढला नाही. ल्युबा म्हणाली, बाबांनी हाक मारली की पलीकडच्या शेतातले घोडे वळायचे. शेजारचा ओनुफ्री म्हणाला, असा थट्टेखोर माणूस झाला नाही, त्यावर वहिनींनी विचारलं, "कुठल्या प्रोकिपबद्दल बोलतोयस? चुकून दुसऱ्याच्या घरी आलास की काय?" सगळे हसले. मी दोन्ही बाजू लिहून घेतल्या आणि दोन्ही खोडल्या.

मग वहिनींना बाजूला घेऊन मिरोनचं विचारलं. त्या हात पुसत राहिल्या. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रोकिप स्वतः उठून मिरोनसाठी ताट मांडायचा, म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

"थांबा, भावजी," त्या म्हणाल्या. "ते जादा ताट आपण गेलेल्यांसाठी मांडतो ना? मग ह्यांना पोराची आठवण यायची, की ह्यांनी त्याला मेलेल्यांत धरलं होतं? नऊ वर्षं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

ल्युबाचं म्हणणं, नाव घ्याच. ओनुफ्रीचं म्हणणं, मेलेल्याला दिलेला शब्द मोडशील तर देव बघतो. मी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग कागदावर थोरल्याची जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. मिरोन दाराशी भिंतीला टेकून उभा होता, हातात टोपी, केस पांढरे झालेले. मी मारुन्यावहिनींचं नाव गायलं, त्या येऊन गेल्या. पुढची जागा थोरल्याची. ती ओलांडून ल्युबाकडे जायचं, एवढंच ठरवून मी श्वास घेतला. आणि गळ्यातून आलं, "मिरोन, माझ्या लेका, मला क्षमा कर."

मी जाणून गायलो की चाळीस वर्षांच्या सवयीनं जीभ गेली, हे मला आजही सांगता येणार नाही. प्रोकिप पोराला क्षमा करायला तयार नव्हता. पण निरोपात तर ती मागायची असते. हे सुचलं ते नंतर, आणि ते खरं की सोयीचं, कोण जाणे.

मिरोन सावकाश पुढे आला. क्रूसाला ओठ लावले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "काका, हे बाबा म्हणाले, की तुम्ही?"

गाताना मधे बोलायचं नसतं. मी बोललो. "मला खरंच कळत नाही रे."

तो शवपेटीची कड धरून तसाच उभा राहिला. मागून मारुन्यावहिनींचा आवाज आला, "म्हण रे मिरोन. लोक खोळंबलेत."

"देव क्षमा करो," तो म्हणाला. तेव्हा तो बापाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी ल्युबाचं नाव घेतलं.