सहीची रिकामी जागा

आपल्या माणसाच्या माघारी काय होईल, हे विचारणाऱ्या कागदावर तुम्ही कधी सही केली आहे का? नसेल केली, तर जरा बसा. मी एक फाईल बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, हिरवी, रबरी पट्ट्याची.

माझा जन्म इंग्लंडमधला. लेस्टरच्या एका दुकानातून पितांबर पाटलांनी मला आणलं आणि माझ्या पाठीवर मराठीत लिहिलं, 'घरी जाणे'. ते तिथल्या बिस्किटांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. घर मात्र धरणगावचं. बायको पुष्पाबाईंसह सव्वीस वर्षं परदेशात काढली, पण रोजच्या बोलण्यात 'घर' म्हटलं की धरणगावच.

परत यायचं तर नुसती बॅग भरून चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. कोणत्या वर्षी किती दिवस कुठे राहिलो, त्याची यादी माझ्यात आली. एकाच पैशावर दोन्ही देशांत कर बसू नये, म्हणून लागणारे दाखले आले. धरणगावला आल्यावर जळगावचे करसल्लागार माझी पानं उलटून म्हणाले, "पितांबरभाऊ, एवढी नीट फाईल मी कुणाचीच पाहिली नाही." मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

एकच कागद राहिला होता. पेन्शनचा.

त्यावर दोन चौकोन होते. पहिल्यात खूण केली तर पेन्शन जास्त, पण पितांबरभाऊ असेपर्यंतच. दुसऱ्यात केली तर थोडी कमी, पण त्यांच्या पश्चात पुष्पाबाईंना जन्मभर. दुसऱ्या चौकोनासाठी बायकोची सही लागत होती. एकदा खूण केली की बदल नाही.

पितांबरभाऊंनी पेन पुढे केलं. पुष्पाबाईंनी हात पदराखाली घेतले.

"जो कागद तुम्ही नही तवयनी गोष्ट बोलस, त्यावर मी सही करनार नही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हना आगोदर जासू. हातमा हिरव्या बांगड्या लईसन."

"तू आगोदर गयी ते माले भाकरी कोन करी दी?"

"शिकी ल्या."

धाकटे दीर लोटनभाऊ ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सही करीसन कोनी मरत नही, वहिनी. मी दर साल सोसायटीमा कर्जना कागदवर सही करस. जित्ता शे ना?"

सगळे हसले. पुष्पाबाईही हसल्या. पण हात पदराबाहेर आले नाहीत. सवाष्ण जायचं, हे त्यांनी आईकडून, सासूकडून ऐकलेलं. दर वडपौर्णिमेला त्या तेच मागत आल्या होत्या. देवाकडे एक मागायचं आणि कागदावर दुसरं लिहायचं, हे त्यांना जमेना.

पितांबरभाऊंनी महिनाभर वाट पाहिली. रोज चहानंतर मला उघडायचे, पुष्पाबाईंकडे पाहायचे आणि मिटायचे. पुष्पाबाईंची सही ते स्वतः करू शकले असते. पण खोटी सही त्यांना आयुष्यात जमली नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली आणि कागद रवाना केला. कोऱ्या फॉर्मची एक प्रत मात्र माझ्यात ठेवली.

दर महिन्याला जे जास्त येत होतं, तेवढं ते पुष्पाबाईंच्या नावाने वेगळ्या पासबुकात टाकायचे. बायकोला सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण पासबुक माझ्याच कप्प्यात होतं.

त्यात सातच नोंदी झाल्या. एका दुपारी कढीभात जेवून पितांबरभाऊ आडवे झाले, ते उठले नाहीत.

पेन्शन थांबली. साठवलेलं होतं ते नव्या घराच्या भिंतींत गेलं होतं. मुलगी मेघा लेस्टरहून आली. तिने मला मांडीवर घेऊन एकेक कागद वाचला, पासबुकातल्या सात नोंदीही. कोऱ्या फॉर्मवर तिचा हात थांबला.

"आई, फक्त एक सही हवी होती गं."

पुष्पाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. बांगड्यांविना ते मोकळे होते.

घर भाड्याने द्यायचं ठरलं. पुष्पाबाईंनी मुलीबरोबर परत इंग्लंडला जायचं ठरलं. ज्या गावी यायला सव्वीस वर्षं लागली, तिथे त्यांचं दीड वर्षही पुरं झालं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, पुष्पाबाईंनी मला खाली काढलं. चष्मा लावला. कोऱ्या फॉर्मवर, दुसऱ्या चौकोनात, सावकाश खूण केली. खाली सही केली, 'पुष्पाबाई पितांबर पाटील'. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिल्या. मग पट्टा लावून मला फडताळात ठेवलं.

माझ्या पोटातला आता एकही कागद अपुरा नाही. कामाचाही नाही. तुमच्या घरी असा कागद असेल, तर रागवा, रडा, हवं तर देवापुढे ठेवा, पण मुदतीच्या आत सही करा. त्या सहीने कुणाचं आयुष्य कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाईंनी दाराला कुलूप लावलं, किल्ली लोटनभाऊंच्या हातात दिली आणि मेघाबरोबर जळगावच्या गाडीत बसल्या.