नवस तिचा, गुडघे माझे

"डॉक्टर, नवा खुबा घेऊन मी गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत गेले, तर आधी देव पावेल की आधी खुबा निखळेल?"

हे मी खरंच विचारीन असं वर्गात कुणालाच वाटलं नव्हतं. मार्गिता म्हणाली होती, "तू? विचारलंस तर आठवडाभर फिशबॉल माझ्याकडून!" आण म्हणावं आता.

डॉक्टर सोब्रेपेन्या हसले नाहीत. "गुडघ्यांवर चालायला कुणी सांगितलंय?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पंख्यानं वारा घेत माझी आत्या बसली होती, तिया पेर्पेतुआ. मी चालायला लागले तर फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जाईन, असा नवस तिनं बोललाय. माझ्या वतीनं. मला न विचारता.

"एवढ्यात मुळीच नाही," डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाले. "खुबा निखळला तर पुन्हा ऑपरेशन."

तिया गोड हसली.

ही बाई म्हणजे आमच्या वाडीतली सर्वज्ञ. मी लहानपणी लंगडायला लागले तेव्हा हिनं ठरवलं, लचक आहे. मग हिच्या मैत्रिणीकडून, वाडीतल्या मालीशवालीकडून, वर्षभर आलं आणि खोबरेल तेल चोळून घेतलं. आत क्षय हाड कुरतडतोय आणि बाहेर आम्ही त्याला मालीश करतोय! पुढे दवाखान्यात आजार कळला, तर हिनं गावभर सांगितलं की पोरगी पेरूच्या झाडावरून पडली. आमच्या अंगणात पेरूचं झाडच नाही. पण विचारतंय कोण! क्षयाच्या गोळ्या मी परसात लपून गिळल्या, चोरासारख्या. त्या संपल्या, आजार गेला, पण खुब्याचं पार भुस्कट झालं होतं. म्हणून हा नवा. त्याच्यावर उभं राहायला शिकताना मी जेवढी रडले, तेवढी तिया कुणाच्या मयतालाही रडली नसेल, आणि तिथे तर ती ठरवून रडते.

घरी आलो. नानाय, माझी आई, मासा तळत होती; ताताय, माझे वडील, जेवायला बसले होते. तियानं दारातूनच जाहीर केलं, "डॉक्टर म्हणाले चालेल! फक्त सावकाश."

आणि ही बाई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते!

"खोटं आहे," मी म्हणाले. "ते नाही म्हणाले."

"मोठ्यांना खोटं पाडतेस?" तियानं पिशवीतून पांढरा झगा काढला. "बँड सांगितलाय. फोटोवाला वेदीपाशी उभा राहणार आहे."

"मानांग म्हणतेय तर..." ताताय ताटात बघत पुटपुटले. मोठ्या बहिणीपुढे त्यांचं वाक्य कधी पूर्ण होत नाही.

नानायनं माझा हात धरला. "थोडंसंच चाल ना, इन्दाय. दारातून दोन बाकांपर्यंत. सगळ्यांना सांगून झालंय गं."

सांगून झालंय! म्हणजे माझा खुबा निखळला तर चालेल, तियाचा शब्द निखळायला नको.

मी हात सोडवून घेतला, काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही पायांवर सरळ उभी राहिले.

"नानाय, ताताय, ऐका. फिएस्ताला मी चर्चमध्ये जाणार. उभी, माझ्या पायांनी. कुणी विचारलं तर सांगणार, मला क्षय झाला होता, गोळ्यांनी बरा झाला. पेरूचं झाड यापुढे बंद. आणि नवस तियाचा आहे, तर गुडघेही तिचेच लागतील. झगा तिला घट्ट होईल, तेवढा उसवून द्या."