बेचाळीस व्यवसायांचा कागद

शाळेच्या सभागृहात खुर्च्या दोनशे होत्या आणि माणसं चारशे. ज्यांना खुर्ची मिळाली ते उठून उभे होते, कारण पुढचे उभे होते. मधल्या रांगेतल्या एका बाईंनी तर नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन खुर्चीवरच चढाई केली होती. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या काळ्या पेटीवर खिळल्या होत्या. पेटीवर निळी काच, खाली एक खण, मागे वायर. आणि शेजारी दिशागुरू.

दिशागुरूंनी पांढरा कोट घातला होता. गळ्यात स्टेथोस्कोप घालायचा तेवढा राहिला होता.

"तळहात म्हणजे मेंदूचा मागचा दरवाजा," ते सांगत होते. "पुढच्या दरवाजाने गेलात तर मूल खोटं बोलतं. मला हे व्हायचंय, मला ते व्हायचंय. मागच्या दरवाजाला खोटं बोलता येत नाही. तिथून येतात त्या शुद्ध क्वांटम लहरी."

टाळ्या पडल्या. क्वांटम म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही, कारण शेजाऱ्याला ते माहीत असावं असं प्रत्येकालाच वाटत होतं.

सभागृहाच्या अगदी मागे, दाराला टेकून, आत्या उभी होती. शाळेच्या फाटकासमोर तिचं दुकान होतं: झेरॉक्स, लॅमिनेशन, वह्या, पेनं. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी कुलूप लावून ती आली होती, कारण आज भाचीची पाळी होती. त्यामुळे मुळातच फटकळ असलेली आत्या आज जरा जास्तच तापलेली होती.

पद्धत अशी. आधी पालकांनी एक लांबलचक फॉर्म भरायचा. मग दहावीच्या प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने एक कागद मिळायचा. त्यावर निळ्या शाईत, हाताने लिहिलेले बेचाळीस व्यवसाय. मुलाने वर आपलं नाव घालायचं आणि एक रात्र कागद उशाशी ठेवायचा. घडी घालायची नाही आणि उन्हात तर मुळीच ठेवायचा नाही, लहरी उडून जातात. दुसऱ्या दिवशी कागद पेटीच्या खणात, हात काचेवर. पेटी मिनिटभर घुमायची आणि कागद बाहेर यायचा तेव्हा त्यावर दोनच गोष्टी उरलेल्या असायच्या: मुलाचं नाव आणि एक व्यवसाय. बाकीचे एकेचाळीस गायब. नियतीने खोडून टाकलेले.

भाचीने हात ठेवला. कागद बाहेर आला. दिशागुरूंनी तो उंच धरला आणि वाचला, "हवाई सेवा."

भाचीच्या वडिलांचे, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाचे, डोळे भरून आले. भाचीचा चेहरा पडला. आणि पेटीच्या शेजारच्या टेबलावर दिशागुरूंच्या अकादमीचे प्रवेश अर्ज तयारच होते. तिथे तीन अभ्यासक्रम होते: हवाई सेवा, हॉटेल व्यवस्थापन आणि ॲनिमेशन. त्या दिवशी एकोणचाळीस मुलांचे हात काचेवर पडले आणि एकोणचाळीसही मुलं या तिन्हींतच बसली. एकाही मुलाच्या मेंदूच्या मागच्या दारातून गवंडी, नर्स किंवा गणिताचा मास्तर बाहेर पडला नाही. आत्याने हे मोजलं. मोजणारी बहुधा ती एकटीच होती.

भाचीला फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा कोर्स करायचा होता. तिचे वडील तेच काम करत, आणि म्हणूनच त्यांना ते नको होतं. कोर्सच्या अर्जावर पालकांची सही लागे आणि अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. संध्याकाळी घरी यावरून बरंच झालं. बसमध्ये दुसऱ्या थांब्याला उलटी होणाऱ्या मुलीने विमानात काय करायचं, हा भाचीचा मुद्दा होता. विमानाला थांबे नसतात, हे वडिलांचं उत्तर.

"ताई, वीस वर्षं मी लोकांच्या गच्चीवर गुडघे सोलून घेतले," भाऊ आत्याला म्हणाला. "तिने का घ्यायचे? आता तर तिच्या हातानेच ते खोडलंय."

भावाचं प्रेम खरं होतं आणि गुडघेही खरे होते. त्याला मूर्ख म्हणून मोकळं होता आलं असतं तर आत्याला फार बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक आई आली. तिचा मुलगा दुसऱ्या तुकडीतला, त्याची पाळी उद्या. कागद चुरगळू नये म्हणून तिला तो लॅमिनेट करून हवा होता. आत्याने बेचाळीस व्यवसायांचा कागद प्लास्टिकमध्ये सरकवला आणि मशीनच्या तोंडी दिला. पलीकडून तो कडक, चकचकीत आणि जवळजवळ कोरा होऊन बाहेर आला. वर मुलाचं नाव होतं, मधोमध 'हॉटेल व्यवस्थापन'.

आई आधी पांढरीफटक पडली आणि मग तिला हर्ष झाला.

"हातसुद्धा लावला नाही हो त्याने! एवढी ऊर्जा आहे माझ्या लेकरात."

"ऊर्जा माझ्या मशीनमध्ये आहे, बाई," आत्या म्हणाली. "चटका बसेल, हात लावू नका."

ती बाई आनंदात निघून गेली आणि आत्या स्टुलावर बसली. तिच्या फळीवर खोडता येणारी पेनं असत. लिहिलेलं पेनाच्या मागच्या रबराने घासलं की घासण्याच्या उष्णतेने शाई नाहीशी होते. एका पोराची अख्खी गृहपाठाची वही चुलीजवळ राहून कोरी झाली होती आणि त्याची आई भांडायला आली होती, म्हणून आत्याला ते पक्कं ठाऊक होतं. आणि मागच्याच महिन्यात अकादमीचा माणूस येऊन त्या पेनांचे होते नव्हते ते सगळे खोके घेऊन गेला होता.

टेबलाच्या खणाच्या तळाशी एक पेन सापडलं. आत्याने कागदावर त्या पेनाने 'शेतकरी' लिहिलं, शेजारी साध्या निळ्या पेनाने 'वकील', आणि कागद मशीनमध्ये घातला. वकील उरला.

पेनासोबतच्या पत्रकात आणखी एक ओळ होती: कडक थंडीत शाई परत दिसू शकते. कडक थंडी कुठे मिळते हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

भाऊ वर्कशॉपमध्ये आइस्क्रीमवाल्याचा दुरुस्त केलेला डीप फ्रीझर तपासत होता. लेकीचा कागद त्याने फाइलमध्ये जपून ठेवला होता. तो अर्धा तास फ्रीझरमध्ये घाल, असं आत्याने सांगितलं. कागद खराब होईल, तो म्हणाला.

"तिची नियती आहे ना ती? मग थंडीने कशी खराब होईल?"

अर्ध्या तासाने त्याने झाकण उघडलं. कागदावर एकेचाळीस व्यवसाय परत आले होते. फिकट होते, पण सगळे वाचता येत होते. आत्याने भावाला खोडता येणाऱ्या पेनाची आणि मशीनच्या उष्णतेची गोष्ट सांगितली. त्याने दिशागुरूंना शिवीसुद्धा दिली नाही. थंड कागदावरून बोट फिरवत तो खाली खाली गेला आणि एका ओळीवर थांबला. 'फ्रिज व एसी दुरुस्ती.' मग त्याने खाली मान घालून विचारलं, "शाई किती तापमानाला जाते म्हणालीस?"

पुढच्या सकाळी तो फ्रीझर हातगाडीवरून सभागृहात आला. दिशागुरूंना आधी वाटलं, आइस्क्रीम आलं. मुख्याध्यापिकाबाईंना आत्याने दुकानात बोलावून सगळं दाखवलेलं होतं. कार्यक्रमाला परवानगी देताना झालेली चूक त्यांना झाकायची नव्हती, हे त्यांचं मोठेपण. त्या माईकजवळ आल्या आणि म्हणाल्या, की आज पेटी चालेल, पण काचेवर मुलाचा हात नसेल.

"हाताशिवाय लहरी कुठून येणार, मॅडम? यंत्र बिघडेल," दिशागुरू म्हणाले.

"मग फळ्याचा डस्टर ठेवू," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या तुकडीतला एक कागद खणात सरकवला, काचेवर डस्टर ठेवला आणि स्वतः बटण दाबलं. पेटी मिनिटभर इमानाने घुमली. कागद बाहेर आला. बाईंनी तो वाचून दाखवला: डस्टरच्या नशिबात ॲनिमेशन होतं.

आधी मुलं हसली, मग त्यांच्या आया. दिशागुरूंनी लाकडातल्या सुप्त लहरींबद्दल बोलायला सुरुवात केली, पण भावाने तोच कागद फ्रीझरमध्ये टाकला होता आणि लोक फ्रीझरभोवती जमले होते. झाकण उघडलं तेव्हा डस्टरला डॉक्टर, सुतार, पायलट, सगळं काही होता येत होतं. कुणीतरी पेटीचा मागचा पत्रा काढला. आत टोस्टरमध्ये असते तसली तार होती आणि एक पंखा होता. दिशागुरू पेटी न्यायला थांबले नाहीत.

आत्याला बोलायला सांगितलं. तिला भाषण येत नव्हतं. "तुमच्या पोराला काय जमेल हे पेटीला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "ते काम करणाऱ्याला जाऊन विचारा. चार दिवस पोराला त्याच्याबरोबर पाठवा. पगार विचारा, त्रास विचारा, ते काम सोडून किती जण गेले तेही विचारा. आणि एवढं सगळं विचारून झालं की पोरालाही एकदा विचारा."

गुरुवारी भावाने लेकीला कामावर नेलं. लपवलं काहीच नाही. उन्हाने तापलेली गच्ची दाखवली, कापणारे पत्रे दाखवले, थंडीचे दोन महिने काम कसं आटतं ते सांगितलं. तिचं बोट कापलं, गुडघा खरचटला, आणि तिसऱ्या घरातल्या एसीचा बिघाड तिने त्याच्या आधी ओळखला.

शुक्रवारी चार वाजता तो अर्ज समोर घेऊन बसला. पेन उघडलं आणि सही करायच्या आधी, सोळा वर्षांत पहिल्यांदाच, त्याने विचारलं, "तुला हे का करायचंय गं?"

"बंद पडलेलं सुरू झालं की बरं वाटतं, बाबा. काल तुम्हालापण वाटलं. मी बघितलं."

त्याने सही केली.